हॉर्न स्पीकर टोचतोय म्हणून ॲम्प विकू नका

माझा कोल्हापूरचा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, रिटायर झाल्यावर हौसेने हॉर्नवाले (ट्वीटरपुढे छोट्या भोंग्यासारखं तोंड असलेले) क्लिप्श कंपनीचे बुकशेल्फ स्पीकर घेऊन बसलाय. त्यांचा वरचा आवाज त्याच्या कानाला टोचतोय आणि आता तो आपला धडधाकट इंटिग्रेटेड ॲम्प (सगळं एकाच डब्यात असलेला ॲम्प्लिफायर) विकायला निघालाय. कारण एक फॉरवर्ड. गाणी ऐकणाऱ्यांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय तोच, "हॉर्न स्पीकर घेतलेत? मग हे वाचाच" अशी सुरुवात असलेला. दादाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?" नको देऊस रे. चांगल्या चालत्या ॲम्पची माती करायला लावणारे हे मेसेज कोण लिहितं आणि लोक न तपासता पुढे का ढकलतात हे मला खरंच कळत नाही, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: हॉर्न स्पीकर जात्याच ब्राइट (वरचा आवाज तेज, टोचणारा), म्हणून त्याला वॉर्म (मऊ आवाजाचा) ॲम्पच हवा. यामाहा ब्राइट, मरांट्झ वॉर्म. ट्रान्झिस्टर आणि क्लास डी (वेगाने स्विच होणारे, हल्लीचे छोटे ॲम्प) टाळा, कमी वॅटचा ट्यूब (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा) ॲम्प घ्या, त्याने कर्कशपणा जातो. जुने लोक हॉर्नला ट्यूबच लावायचे ते उगाच नाही. जास्त वॅट दिले तर हॉर्न फाटतो. टोन कंट्रोलला हात लावू नका. तांब्याची वायर वॉर्म, चांदीची ब्राइट. आणि खात्री करायची असेल तर दोन ॲम्प एका स्विच बॉक्सला लावा, गाणं चालू असतानाच बदलून बघा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी पैसे वाया जातील, याने ॲम्प जळेल.

ट्यूब ॲम्पच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला समोर स्पीकरचा लोड लागतोच. गाणं चालू असताना लोड सुटला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबच्या बाजूच्या वेटोळ्यावर) व्होल्टेज भलतंच चढतं, आत स्पार्क पडतो, इन्सुलेशन फुटतं, कधी ट्यूबच्या सॉकेटमध्येच ठिणगी उडते. एकदा तो ट्रान्सफॉर्मर गेला की नीट रिवाइंड करून देणारा माणूस शोधत फिरावं लागतं, आणि असे कारागीर आता फार कमी उरलेत. साधा स्विच बॉक्स एका ॲम्पवरून दुसऱ्यावर जाताना पहिल्याला मोकळा सोडतो. काही बॉक्स मोकळा सोडत नाहीत, ते क्षणभर दोन्ही ॲम्पचे आउटपुट एकमेकांना जोडून टाकतात, ते तर त्याहून वाईट. दुसरी गोष्ट, हल्लीचे छोटे क्लास डी ॲम्प बहुतेक ब्रिज्ड असतात, म्हणजे त्यांचं काळं टर्मिनल हे ग्राउंड नसतं, दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो. स्वस्त स्विच बॉक्समध्ये सगळी काळी टर्मिनलं आतून एकत्र केलेली असतात. असा ॲम्प त्याला लावला की लेफ्ट-राइटच्या काळ्या वायरी एकमेकांना भिडल्या, आणि प्रोटेक्शन चांगलं नसेल तर चिप तिथेच संपली. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. ट्यूब ॲम्पच्या आत तीनशे ते साडेचारशे व्होल्ट डीसी असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतं, हेही नाही. साठीच्या माणसाला "चालू असतानाच बदलून बघा" सांगायचं आणि एवढं सांगायचं नाही, हा मला सरळ सरळ बेजबाबदारपणा वाटतो. तुलना करायचीच असेल तर दोन्ही ॲम्प बंद करा, मिनिटभर थांबा, वायरी हलवा, मग चालू करा. त्या मधल्या वेळात आधीचा आवाज नीट आठवत नाही, कबूल, पण ॲम्प जिवंत राहतो.

आता ब्रँडचा मुद्दा. यामाहा ब्राइट, मरांट्झ वॉर्म, हे इतक्या वर्षांपासून इतक्या लोकांनी म्हटलंय की ते आता पाठच झालंय. या दोन्ही कंपन्यांच्या कुठल्याही बऱ्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालपासून वरपर्यंत कुठला आवाज किती जोरात देतो त्याचा आलेख) काढून बघा, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ रेघ जवळपास सरळ असते, अर्धा डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) इकडे तिकडे. टोन कंट्रोल मधोमध असेल तर ब्राइटपणा यायला तिथे जागाच नाही. स्पीकर आणि तुमची खोली मिळून जे चढउतार करतात ते पाच-दहा डीबीचे असतात. अर्ध्या डीबीने पाच डीबीचं भांडण मिटवायला निघायचं, तेही नवीन ॲम्पचे पैसे घालून, हे भाजी तिखट झाली म्हणून ताट बदलण्यासारखं आहे.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो काय? दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे दुकानात दोन ॲम्प लावून दाखवतात तेव्हा व्हॉल्यूम कोणी मोजत नाही. दोन्हीचा नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवला म्हणजे आवाज सारखा झाला असं समजतात. प्रत्येक ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट मोठा करतो ते) वेगळा, नॉबची चाल वेगळी, त्यातला एखादा दीड डीबीने मोठा वाजला तर तो मोठा आहे असं कानाला कळत नाही, तो जास्त उघडा, जास्त स्पष्ट, जास्त पुढे आलेला वाटतो. हॉर्नवर हाच फरक "टोचतो" म्हणून जाणवतो. साधं मल्टिमीटर घ्या, १०० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज दोन्ही ॲम्पला एकसारखं करा, आणि मग मला सांगा कुठला वॉर्म आहे ते. हे काम फार अवघड नाही, तरी शंभरात एक माणूस करत नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, जरी मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीत नसावी. मरांट्झ आणि डेनॉनच्या एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या ॲम्पमध्ये) वर्षानुवर्षं ऑडिसी नावाचं रूम करेक्शन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज दुरुस्त करणारी सोय, येतंय. त्याचा नेहमीचा 'रेफरन्स' कर्व्ह वरचा ट्रेबल मुद्दाम थोडा उतरवतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास एक छोटा खड्डाही ठेवतो. ज्याने सेटअपच्या वेळी माइक लावून ते चालू केलंय, त्याला हॉर्न स्पीकर मऊ वाटणारच, खरंच मऊ झालेला असतो. त्याच रिसीव्हरवर 'फ्लॅट' निवडा किंवा करेक्शन बंद करा, वॉर्मपणा गायब. म्हणजे ज्याला लोक मरांट्झचा स्वभाव म्हणतात ते इक्वलायझेशन (आवाजाचे पट्टे मुद्दाम वरखाली करणं) निघालं. आणि दादाचा प्रश्न स्टीरिओ इंटिग्रेटेडचा आहे, त्यात ऑडिसी नाहीच, त्यामुळे त्याला त्या नावाचा उपयोग शून्य.

आता ट्यूबचा मुद्दा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. "ट्यूब ॲम्प लावला की हॉर्नचा कर्कशपणा जातो." यात अर्धं सत्य आहे म्हणूनच हा मुद्दा जास्त घातक आहे. ट्यूब ॲम्पने आवाज बदलतो, हो, बऱ्याचदा अगदी स्वच्छ ऐकू येईल इतका बदलतो. पण तो का बदलतो हे एकदा कळलं की "कर्कशपणा जातो" हे किती बेभरवशाचं आहे तेही कळतं.

स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं, हा त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पण तो सगळीकडे आठ ओहम नसतो. एखाद्या फ्रिक्वेन्सीला चारवर येतो, दुसरीकडे तीसच्या वर जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले ॲम्पचे ओहम) १०० असेल तर आठ ओहमला ०.०८ ओहम. त्यामुळे स्पीकरचे ओहम वर जावोत की खाली, ॲम्प सगळीकडे तेवढंच व्होल्टेज देतो. ४ ओहम आणि ३२ ओहम अशा दोन जागा धरल्या तर दोन्हींत फरक पडतो जेमतेम ०.१५ डीबी. आता फीडबॅक (आउटपुट परत आत आणून चूक सुधारण्याची सोय) नसलेला सिंगल-एंडेड (पूर्ण लाट एकाच बाजूच्या ट्यूबने चालवणारा) ट्यूब ॲम्प घ्या, त्याचा आउटपुट इम्पीडन्स ३ ओहम धरा, असे पुष्कळ असतात. तोच हिशोब केला तर त्याच दोन जागांमध्ये फरक येतो ४ डीबीचा. ४ डीबी! म्हणजे जिथे स्पीकरचा इम्पीडन्स जास्त तिथे आवाज वर, जिथे कमी तिथे खाली. ट्यूब ॲम्प तुमच्या स्पीकरच्या इम्पीडन्सच्या आलेखाची नक्कल आवाजावर उमटवतो, नॉब नसलेला इक्वलायझरच तो, फक्त कुठे चढवायचं कुठे उतरवायचं ते तुमच्या हातात नाही.

आणि हॉर्नमध्ये इम्पीडन्स कुठे जास्त असतो? ट्वीटरचा (वरचा आवाज देणारा, हॉर्नच्या मागे बसवलेला) कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरपेक्षा (खालचा आवाज देणाऱ्या कोनपेक्षा) कितीतरी जोरात वाजतो म्हणून क्रॉसओव्हरमध्ये (दोघांत आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) त्याला खाली खेचावं लागतं, कुठे रेझिस्टर घालून, कुठे ऑटोट्रान्सफॉर्मरने. क्लिप्शच्या जुन्या हेरिटेज मॉडेलांत ऑटोट्रान्सफॉर्मर सर्रास असायचे. ऑटोट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज निम्मं केलं की ॲम्पला तो ड्रायव्हर चौपट ओहमचा दिसतो. सिरीज रेझिस्टरनेही ओहम वाढतातच. शिवाय टू-वे (दोनच भागांच्या) स्पीकरमध्ये वूफर आणि हॉर्न जिथे भेटतात, साधारण दीड-दोन किलोहर्ट्झला, तिथे बऱ्याचदा एक उंचवटा असतो. आता जोडा दोन्ही गोष्टी. ज्या मिडरेंज आणि ट्रेबलने दादाचे कान दुखतात नेमका तोच भाग हा ट्यूब ॲम्प उचलून देऊ शकतो. देईलच असं मी म्हणत नाही, बासच्या रेझोनन्सलाही इम्पीडन्स चढतो, तिथे खालचा आवाज फुगला तर कोणाला तो गोड वाटेलही. पण हे प्रत्येक स्पीकरच्या आलेखावर ठरतं, त्यामुळे "हॉर्नला ट्यूब" असा सरसकट सल्ला देणं म्हणजे पेशंट न बघता औषध लिहून देणं झालं.

ज्यांना हे नुसतं गणित वाटतं त्यांच्यासाठी १९८५ ची गोष्ट. अमेरिकेतला ॲम्प डिझायनर बॉब कार्व्हर, याने स्टीरिओफाइल मासिकाला आव्हान दिलं की तुम्ही म्हणाल त्या महागड्या ॲम्पचा आवाज मी माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. स्टीरिओफाइल म्हणजे काही त्याच्या बाजूचं मासिक नव्हे, प्रत्येक ॲम्पचा आवाज वेगळा असतो यावर तर त्यांची सगळी मांडणी. त्यांनी एक मोठा ट्यूब ॲम्प निवडला, कॉनराड-जॉन्सनचा प्रीमियर फाइव्ह. कार्व्हर त्यांच्याकडे सांता फेला गेला, दोन्ही ॲम्पना एकच सिग्नल देऊन त्यांच्या आउटपुटमधला फरक मोजत बसला आणि तो फरक नाहीसा होईपर्यंत आपल्या स्वस्त ॲम्पमध्ये बदल करत राहिला. त्यातला एक मुख्य बदल काय? आउटपुट इम्पीडन्स वाढवणं. मासिकाच्या समीक्षकांनी, संस्थापक जे. गॉर्डन होल्ट धरून, दोन्ही ॲम्प आपल्या आवडत्या रेकॉर्ड लावून ऐकले आणि त्यांना फरक सांगता आला नाही. त्यांनी तसं छापलं. पुढे कारखान्यातून निघालेला कार्व्हरचा ॲम्प तितका जुळत नाही यावरून १९८७ मध्ये पुन्हा वाद झाला, तोही खरा आहे, लपवत नाही. पण मूळ गोष्ट हलत नाही. ट्यूबमध्ये जी जादू म्हणून विकली जाते तिचा बराच मोठा भाग मोजता येतो, काढता येतो, घालता येतो. ज्याला तो आवाज हवाच आहे त्याने ट्रान्झिस्टर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये दोन-तीन ओहमचा नीट वॅटेजचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून आधी ऐकावं. काही रुपयांत कळेल की आपल्या स्पीकरला तो बदल मानवतो की नाही. मेसेज लिहिणाऱ्याने कार्व्हरचं नाव तरी ऐकलंय का, देव जाणे.

"जुने लोक हॉर्नला ट्यूबच लावायचे." लावायचे, कारण दुसरं काही नव्हतंच! १९२६ साली बेल लॅब्जमध्ये वेंटे आणि थुरस यांनी बोलपटांसाठी ५५५ हा कॉम्प्रेशन ड्रायव्हर केला तेव्हा ॲम्प द्यायचा मोजके वॅट. पुढे आलेली ३००बीसारखी नावाजलेली ट्यूबसुद्धा सिंगल-एंडेड लावली तर ८ वॅटच्या आसपास. एवढ्यात शेकडो माणसांचं थिएटर भरायचं तर स्पीकरनेच वीज वाया न घालवता आवाज करायला हवा. साधा कोनचा स्पीकर दिलेल्या विजेचा एक टक्का आवाजात बदलतो, तोही चांगला असेल तर, बाकी सगळी उष्णता. हॉर्न त्याच्या कितीतरी पट. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये अर्कान्सामधल्या होप गावात कंपनी काढली आणि घराच्या कोपऱ्याच्या भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग म्हणून वापरल्या, तीही याच काटकसरीतून आलेली अक्कल. हॉर्नला ट्यूब ही जोडी वॅट कमी होते म्हणून जमली, गोडव्यासाठी नाही. आणि थिएटरवाल्यांना ट्रेबल उतरवायचा असतो तेव्हा ते काय करतात? ॲम्प बदलतात? इक्वलायझर लावतात. सत्तरच्या दशकापासून त्यासाठी एक्स-कर्व्ह नावाचं स्टँडर्डच आहे, २ किलोहर्ट्झच्या वर दर ऑक्टेव्हला ३ डीबी उतार. आपल्याकडच्या सिंगल स्क्रीन थिएटरांतही पडद्यामागे हॉर्नच असायचे, बारीक छिद्रांच्या पडद्यातून आवाज यायचा, आणि त्या आवाजावर आपण पिढ्यान्‌पिढ्या खूश होतो.

जाता जाता, मेसेजखाली कोणीतरी जोडलंय की "हॉर्न म्हणजे शेवटी भोंगाच". मंडपावरचा भोंगा भाषण लांबवर पोचावं म्हणून बनवलेला असतो, त्यात बास जवळजवळ नसतोच आणि वरचाही भाग कापलेला, सगळी ताकद मधल्या पट्ट्यात. घरातल्या स्पीकरच्या ट्वीटरला फक्त एक छोटा हॉर्न आहे, खालचं काम वूफर करतो. नाव सारखं म्हणून आवाज सारखा होत नाही.

वॅटचं बघू. हॉर्नला फार वॅट लागत नाहीत हे बरोबर आहे, तेवढं श्रेय देतो. दादाच्या स्पीकरवर ९६ डीबी सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला एक मीटरवर किती आवाज ते) छापलीय. कंपन्या हा आकडा जरा फुगवून, खोलीची मदत धरून छापतात, तरी तोच धरू. दोन स्पीकर, तीन मीटरवर खुर्ची, एका वॅटला खुर्चीपाशी ९२-९३ डीबी येतात. आपण ऐकतो सरासरी ७५-८० ला. म्हणजे ॲम्प बहुतेक वेळ एका वॅटचा पंचविसावा भाग देत असतो आणि तबल्याची जोरदार थाप आली की दोन-तीन वॅट. आकडा फुगवलेला निघाला तरी पाच-सहा. पण यावरून "जास्त वॅटचा ॲम्प हॉर्न फाडतो" हे कसं निघालं? ॲम्पवर १०० लिहिलंय म्हणून तो १०० ढकलत नाही. त्याच व्हॉल्यूमला १० वॅटचा ॲम्पही दोन वॅट देईल आणि १०० वॅटचाही दोनच देईल. उलट ३ वॅटचा ट्यूब ॲम्प घेऊन कोणी ढोल-ताशा किंवा मोठा ऑर्केस्ट्रा जोरात लावला तर तो क्लिप होईल, म्हणजे ताकद संपून लाटेची टोकं कापली जातील, आणि क्लिप झालेला आवाज हॉर्नवर कसा लागतो ते ऐकण्यासारखं नाही.

क्लास डीबद्दल फार बोलायचं नाही. जुन्या स्वस्त बोर्डांत आउटपुट फिल्टर लोडप्रमाणे ट्रेबल वरखाली करायचा, त्यामुळे ते बदनाम झाले, चांगल्या डिझाइनमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतरून घेतात आणि तो प्रश्न संपतो. वायरीबद्दल तर त्याहून कमी. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, चार मीटर, जाऊन-येऊन ०.१ ओहम. एवढ्याने आवाजाचा रंग बदलत नाही. चांदीचे पैसे वाचवा.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो, "टोन कंट्रोलला हात लावू नका". का नाही? हात लावण्यासाठीच तो नॉब दिलाय! ज्या माणसाला ट्रेबल जास्त वाटतोय त्याच्या समोर ट्रेबल कमी करायचा नॉब आहे, फुकट आहे, आणि त्याला सांगायचं की तो वापरलास तर शुद्धता जाते, त्यापेक्षा नवीन ॲम्प घे. ट्रेबल दोन डीबी कमी करा. बस. स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) असेल तर त्याहून चांगलं, हल्ली वीमसारख्या स्वस्त स्ट्रीमरमध्येही पॅरामेट्रिक (हवा तो पट्टा निवडता येणारा) इक्वलायझर येतो, त्यात २-३ किलोहर्ट्झच्या वर दोन-अडीच डीबीचा हलका शेल्फ उतार (तिथून वरचं सगळं तेवढंच कमी) द्या आणि एक आठवडा तसंच ऐका, रोज बदलत बसू नका. माइक घ्यायची तयारी असेल तर यूमिक-१ हा मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर, दुपारभरात कळतं की डोंगर नेमका कुठे आहे. कान २ ते ५ किलोहर्ट्झला सगळ्यात तिखट असतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजलं, म्हणून त्या पट्ट्यातले दोन डीबी बासमधल्या दोन डीबींपेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. तार सप्तकातली स्वच्छ तान, हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या, साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमधली व्हायोलिन्स, सगळा मामला तिथेच येतो. त्यातल्या काही रेकॉर्डिंगमध्ये तर मुळातच बास थोडा आणि वरचा भाग उठलेला, तो स्पीकरचा दोष नाहीच.

पण इक्वलायझरच्याही आधी खोली. दादाचा हॉल मी बघितलाय. बारा बाय पंधरा, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला अख्खी काचेची स्लायडिंग, समोर काचेचं शोकेस, पडदे पातळ, गालिचा नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्या फ्लॅटचा हॉल असाच असतो. टाइल, प्लास्टर आणि काच मधल्या-वरच्या फ्रिक्वेन्सीचे जेमतेम दोन-तीन टक्के शोषतात, बाकी परत फेकतात. सॅबिनच्या सूत्राने अंदाज काढला तर फक्त सोफा असलेल्या अशा हॉलमध्ये आवाज विरायला साधारण एक सेकंद लागतो. खिडकीला जाड, चुण्यांचे, दुहेरी भरणीचे पडदे आणि सोफ्याच्या पुढे एक बऱ्यापैकी जाड सतरंजी किंवा गालिचा टाकला की तो अर्ध्या सेकंदावर येतो. अर्धा सेकंद! कुठलाही ॲम्प हे करू शकत नाही. वहिनींनाही पडदे हवेच होते, हे मला त्यांच्याकडूनच कळलंय.

आणि स्पीकरचा कोन. दादाने दोन्ही हॉर्न थेट आपल्या कानाकडे वळवून ठेवलेत, कुठल्यातरी व्हिडिओत बघून. हॉर्नचा सगळ्यात तेज आवाज नाकासमोर असतो आणि बाजूला तो बऱ्यापैकी नीट, एकसारखा उतरतो, साध्या डोम ट्वीटरपेक्षा नीट, हा हॉर्नचा मोठा गुण आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही. स्पीकर जरा बाहेर वळवा, अगदी सरळ समोर बघतील असे ठेवून बघा. नाही जमलं तर उलटं, इतके आत वळवा की दोन्हींच्या रेघा खुर्चीच्या पुढे हातभर अंतरावर एकमेकींना छेदतील. दोन्ही प्रकारे कानावर थेट मारा थांबतो. स्पीकर भिंतीपासून फार पुढे ओढलेले असतील तर थोडे मागे ढकला, बास भरला की तोच ट्रेबल कमी वाटायला लागतो, कारण ब्राइट म्हणजे बऱ्याचदा खालचं कमी, वरचं जास्त नव्हे. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर हातभर पुढे घ्या, डोक्यामागून येणारं परावर्तन जरा तरी उशिरा येईल.

हे सगळं केल्यावरही ॲम्प बदलायचाच असेल तर हॉर्नसाठी ॲम्पमध्ये जे खरंच बघायला हवं ते मेसेजमध्ये एका शब्दाने नाही. ते म्हणजे सुस्कारा, काही न वाजवताही येणारी ॲम्पची सूं सूं. ॲम्पच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट नॉइज असेल तर ८६ डीबीच्या साध्या स्पीकरवर तो १७ डीबीचा होतो, कोणाला ऐकू येत नाही. ९६ च्या हॉर्नवर तोच २७, आणि क्लिप्शच्याच ला स्कालासारख्या १०५ डीबीच्या मोठ्या हॉर्नवर ३६, रात्री शांत खोलीत स्पष्ट सूं सूं. मेसेजमध्ये सुचवलेला कमी वॅटचा ट्यूब ॲम्प डायरेक्टली हीटेड ट्रायोडवाला (तापणारी तार, म्हणजे फिलामेंट, थेट सिग्नलच्या मार्गात असलेला) असेल आणि ते फिलामेंट एसी विजेवर असेल तर वर घुंईही येते. दुसरं, गेन. हल्लीचे सोर्स दोन व्होल्ट देतात, ॲम्प ते पंचवीस-तीस पट करतो, हॉर्नला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून नॉब सात-आठ वाजताच अडकतो, आणि साध्या पॉटचे (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे) दोन चॅनल तिथेच सगळ्यात जास्त वेडेवाकडे असतात, एका बाजूचा आवाज मोठा येतो. दादा मागे म्हणाला होता की गाणारी बाई डावीकडे सरकते, ते हेच. त्याला ॲम्प बदलायची गरज नाही, स्ट्रीमरचा आउटपुट उतरव किंवा ॲम्पच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या तोंडाला १० डीबीचे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे छोटे प्लग) लाव, नॉब वर येईल, बाई मध्ये येईल.

तर दादा, गिऱ्हाइकाला नाही सांग. पुढे कधी दुसरा ॲम्प बघायला गेलास तर आपले स्पीकर सोबत घेऊन जा, दुकानातला एसी बंद करायला सांग, काही न वाजवता व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेव आणि हॉर्नच्या तोंडाशी कान लाव. ट्यूबचा असेल तर आउटपुट इम्पीडन्स किती ओहम ते विचार, आणि आकडा सांगता आला नाही तर तसाच परत ये.